हसुरामचा टेम्पो आणि नानांचा पॉलिश पेपर

गॅरेजमधल्या गोष्टी कशा साठतात, सांगू? जुन्या नट-बोल्टांसारख्या. टाकवत नाहीत म्हणून डब्यात ठेवायच्या, आणि एक दिवस डबा उचलायला जावं तर त्याचं बूडच निसटतं! परवा आमच्या सोसायटीत कुणाच्या तरी गाडीचा क्लच जळला. तो वास नाकात शिरला आणि माझ्या डब्याचं बूड निसटलं. आता ऐकावंच लागेल तुम्हाला.

ऐंशी सालानंतरची हकीकत आहे. ठाणे-बेलापूर रोडला, दिघ्याजवळ, नाना सुर्व्यांचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, पुढे एक बोरीचं झाड, मागे केमिकल कंपनीची भिंत. नाना मालक. रत्नागिरीकडचे, मिशी मोठी आणि आवाज मिशीहून मोठा. गिअरबॉक्सचे उस्ताद सलीमभाई. ते खेडचे, बोलणं अगदी मोजकं. आणि मी वसंत, फिटर. मला प्रत्येक गोष्टीचा धक्का बसायचा. नाना ओरडायचे, "वश्या, तोंड मीट आधी! माशी जाईल!"

पण तुम्हीच सांगा, त्या गॅरेजमध्ये तोंड मिटून राहणं माणसाला शक्य होतं का?

*

नानांची गाडी तपासायची एक पद्धत होती. गाडी आली की लगेच खोलायची नाही. ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "चल." रबाळ्यापर्यंत जाऊन परत यायचं. गाडीतून उतरता उतरता रोगाचं नाव जाहीर! बहुतेक वेळा ते नाव "क्लच प्लेट" असायचं.

मी एकदा विचारलं, "नाना, डोळे कशाला मिटता?"

"डोळे उघडे असले की कान आळशी होतात रे. तुला नाही कळायचं."

एकदा एक लोखंडवाला ट्रक आला. ड्रायव्हर नवीन. गाडीतून कसलातरी आवाज येतो म्हणाला. नाना बसले, डोळे मिटले, "चल" म्हणाले. ट्रक गेला.

जेवायची वेळ झाली तरी नानांचा पत्ता नाही. मी तीनदा रस्त्यावर जाऊन बघून आलो. ट्रक उलटला की काय? सलीमभाईंनी शांतपणे डबा उघडला आणि म्हणाले, "येतील. रस्ता एकच आहे."

दुपार कलल्यावर नाना आले, ते भलत्याच ट्रकमधून. कपड्यांवर गंजाची धूळ. झालं असं की नानांना लागली झोप. ड्रायव्हरला "चल" सांगितलेलं, "थांब" कुणी सांगितलंच नाही. तो बिचारा आपल्या रोजच्या रस्त्याने थेट कळंबोलीच्या लोखंड बाजारात! नानांनी डोळे उघडले तर समोर सळयांचे डोंगर.

मी म्हटलं, "अहो, पण गाडीला झालंय काय?"

नानांनी मिशीवरून हात फिरवला. "काही झालेलं नाही! मला झोप लागली म्हणजे इंजिनात व्हायब्रेशन शून्य. गाडी पास!"

*

आता हसुरामकडे येतो, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच घडलं.

हसुराम घणसोली गावातला. वडिलोपार्जित भाताची जमीन होती ती नव्या शहरात गेली. मोबदला मिळाला त्यातून त्याने एक जुना डिझेल टेम्पो घेतला. पनवेलकडच्या पोल्ट्रीतून अंडी उचलायची आणि आमच्या पट्ट्यातल्या कंपन्यांच्या कँटीनला पोचवायची. सोबतीला बायको हिराबाय. ती केबिनमध्ये मधोमध, इंजिनावरच्या पत्र्यावर गोणपाट टाकून बसायची आणि सगळ्यात वरचा ट्रे मांडीवर धरायची. टेम्पोबद्दल हसुराम म्हणायचा, "ह्यो टेम्पू नाय, माजा श्यात हाय."

पहिल्यांदा आला तेव्हा त्याला निघताना आम्ही पाहिलं आणि थक्क झालो. सेल्फ मारला. खर्रर्र असा भयानक आवाज. मग गडी खाली उतरला, गाडी गिअरमध्ये टाकलेली, पाठीमागे गेला आणि खांदा लावून एक दणका दिला. परत चढला, सेल्फ मारला, गाडी चालू!

नाना म्हणाले, "हे काय रे?"

"बैल बसलेला असला की नाय उठत. पाठीवर थाप द्याची, मंग उठतं," हसुराम म्हणाला. "ह्याचा पन तसाच हाय."

"किती दिवस थापा देतोयस?"

"घेतला तवापासून! मना वाटला सगल्यांच्या गाड्यांना द्यावी लागतं!"

सलीमभाई गाडीखाली सरकले आणि टॉर्च मारून बाहेर आले. त्या थापेमागचं कारण असं होतं, की इंजिनाच्या मागे फ्लायव्हील नावाचं एक जड लोखंडी चाक असतं. इंजिनाची ताकद त्याच्यातून क्लचला जाते. त्याच्या कडेला दात असलेली रिंग असते, सेल्फ त्या दातांना धरून इंजिन फिरवतो. इंजिन बंद होताना बहुधा ठरावीक जागीच थांबतं, म्हणून तिथलेच दात झिजतात. हसुरामच्या दणक्याने चाक थोडं पुढे सरकायचं, चांगले दात समोर यायचे आणि गाडी चालू व्हायची. म्हणजे गेली कित्येक वर्षं हा माणूस रोज उठून स्वतःच्या टेम्पोला खांद्याने मारत होता आणि ते अगदी बरोबर होतं!

*

रिंग काढायची म्हणजे आधी अख्खा गिअरबॉक्स उतरवायचा, मग फ्लायव्हील बाहेर. मग रिंग उतरवून उलटी करून परत बसवायची, म्हणजे दातांची न झिजलेली बाजू कामाला येते. तेव्हा सगळे तसंच करायचे.

पण ती बसवणं म्हणजे जिवाशी खेळ. रिंग विस्तवावर तापवायची, तापली की ती किंचित मोठी होते. सांडशीने उचलून अलगद चाकावर सोडायची. सरळ बसली तर बसली. तिरकी पडली तर तिथेच गार होऊन अडकते, आणि मग ती कापून फेकण्याशिवाय इलाज नाही. म्हणून सलीमभाईंचा नियम होता, रिंग उचलली की कुणी बोलायचं नाही. खोकायचंसुद्धा नाही!

त्या दिवशी विस्तवाभोवती आम्ही सगळे माना खाली घालून उभे. हसुरामने हात जोडलेले. हिराबायने पदर तोंडाला लावलेला. नेमकी त्याच वेळी एका कंपनीची जीप आली आणि गॉगलवाले एक साहेब उतरले. त्यांनी समोरचं दृश्य पाहिलं, गॉगल काढला आणि तेही मान खाली घालून आमच्या मागे उभे राहिले.

सलीमभाईंनी रिंग सोडली. ठक्!

"बसली! बसली!" नाना मोठ्याने ओरडले आणि हसुरामला मिठी मारून नाचायला लागले. हिराबायने तर चक्क शिट्टी मारली.

साहेबांचा चेहरा पांढराफटक. त्यांनी माझी बाही धरली. "अहो, हे काय? मयताला नाचतात तुमच्यात?"

नाना नाचता नाचताच म्हणाले, "मयत कुठलं साहेब, बारसं आहे!"

त्या गोंधळात एक गोष्ट मात्र मला आठवते. चाक परत चढवण्याआधी सलीमभाईंनी त्याच्या तोंडावरून, म्हणजे क्लच प्लेट टेकते त्या गुळगुळीत बाजूवरून बोट फिरवलं. "नाना, निळं पडलंय. जास्त तापलंय कधीतरी."

"पॉलिश पेपर मार," नाना म्हणाले. मारला. चाक चकाकायला लागलं.

*

पुढच्याच आठवड्यात सकाळी सायकलींवरून चार-पाच जण आले. अंगात कंपनीचे युनिफॉर्म, चेहरे लाल.

"कुठंय तो मेकॅनिक?"

मला वाटलं, टेम्पोने कुणाला उडवलं की काय!

त्यातला एक परभणीकडचा होता, तो पुढे झाला. "हसुरामच्या टेम्पोला तुमीच हात लावला का? आमची फर्स्ट शिफ्ट बुडाली की हो!"

आधी कुणालाच काही कळेना. मग उलगडा झाला. ही सगळी मंडळी घणसोली गावात हसुरामच्या आळीत भाड्याच्या खोल्यांत राहणारी. भल्या सकाळी हसुरामच्या सेल्फचा तो खर्रर्र आवाज झाला की आळी उठायची. कुणाकडे गजराचं घड्याळ नव्हतं, लागतच नव्हतं. आणि आता टेम्पो मुकाट निघून जायला लागला होता. आळी ढाराढूर!

"मग आता मी काय करू?" नानांनी विचारलं.

"थोडा आवाज परत घालून द्या की!"

नाना मटकन स्टुलावर बसले. "सलीम, ऐकलंस? धंद्यात केस पिकले. आज पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणतंय, दुरुस्ती परत घ्या!"

*

पण सुख फार दिवस टिकलं नाही. टेम्पो थरथरायला लागला. उभी गाडी हलवताना क्लच सोडला की हिवताप भरल्यासारखी अख्खी गाडी हुडहुडायची. एकदा वेग घेतला की ठीक. आणि मागे काय? अंडी!

नाना शेजारी बसले, डोळे मिटले, रबाळ्याला जाऊन आले. "क्लच प्लेट."

गिअरबॉक्स पुन्हा उतरला. नवीन क्लच प्लेट घातली. फ्लायव्हीलच्या तोंडावर या वेळी निळ्या डागांबरोबर केसासारख्या बारीक रेघा होत्या. सलीमभाई म्हणाले, "नाना, एकदा नीट बघा. हे चाक बदलायला पाहिजे."

"अरे, फ्लायव्हील कधी जातं का? दगड आहे तो! पेपर मार."

पुन्हा पेपर मारला. थोडे दिवस गाडी बरी चालली. मग पुन्हा थरथर.

हसुराम आमच्याकडे परत आला नाही. त्याने स्वतःच उपाय काढला. गाडी निघताना थरथरते ना? मग थांबायचंच नाही!

मी हे डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगतो. हा गडी कँटीनपाशी आला की अर्धा क्लच दाबून मुंगीच्या पावलाने गाडी सरकवत ठेवायचा. कँटीनवाले धावत येऊन चालत्या टेम्पोतून ट्रे उतरवायचे. रिकामे ट्रे आत फेकायचे. हिराबाय मागे वळून हिशेब ओरडायची. सगळा व्यवहार पळत पळत!

एक दिवस नाक्यावर हवालदाराने हात केला. हसुराम खिडकीतून ओरडला, "सायेब, थांबलो तं आमलेट होल!"

हवालदार आधी चक्रावला. मग शेजारून चालायला लागला. चालता चालता लायसन्स मागितलं, चालता चालता वाचलं, चालता चालता परत दिलं. शेवटी धापा टाकत म्हणाला, "जा बाबा! पण पुढच्या चौकात आमचे साहेब उभे आहेत. त्यांना एवढं चालवत नाही, त्यांच्यासाठी थांब!"

आम्ही पोट धरून हसलो. त्या अर्ध्या क्लचने आत काय जळत होतं, हे हसताना कुणाच्या डोक्यात आलं नाही. सलीमभाई मात्र हसले नव्हते.

*

मग एका दुपारी टेम्पो दोरीने ओढून आणला. सेल्फ मारला की खालून कडकड आवाज यायचा. जळका वास तर असा, की बोरीखाली झोपलेलं कुत्रं उठून गेलं.

नाना सवयीने शेजारी चढले आणि त्यांनी डोळे मिटले.

"डोले उघर!" हिराबाय कडाडली. "डोले उघर आनि खोलून बग!"

नानांशी असं कुणी बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. माझं तोंड उघडंच राहिलं आणि या वेळी मिटायला कुणी सांगितलं नाही.

गिअरबॉक्स उतरला. प्रेशर प्लेट निघाली, क्लच प्लेट निघाली, मग फ्लायव्हील. सलीमभाईंनी डिझेलच्या फडक्याने ते पुसलं आणि उजेडात धरलं. सुकलेल्या भातखाचराला पडतात तशा भेगा! त्यातली एक थेट बोल्टच्या भोकापर्यंत गेलेली. मी नख फिरवलं तर नख अडकलं.

सलीमभाई हळू आवाजात म्हणाले, "हे फिरता फिरता फुटलं असतं तर पत्रा फाडून वर आलं असतं."

"कुठं?" हसुरामने विचारलं.

सलीमभाईंनी केबिनमध्ये हात घालून जागा दाखवली. तिथे गोणपाट अंथरलेलं होतं.

आम्ही सगळे त्या गोणपाटाकडे बघत राहिलो. हिराबाय पुढे आली, नानांच्या समोर उभी राहिली.

"तू ह्याला दोनदा बगला ना?"

नाना फडक्याला हात पुसत राहिले.

"दोनदा घासला ना?"

एवढा मोठा आवाज, कुठे गेला कोण जाणे.

तेवढ्यात हसुराम म्हणाला, "मी काय बोलतो, वेल्डिंग मारला तं?"

सलीमभाई! ज्या माणसाने कधी आवाज चढवला नव्हता, त्याने हातातला पान्हा जमिनीवर आपटला. "वेल्डिंग? त्यापेक्षा बॉम्ब बांध ना सीटखाली! घरच्या घरी मर!"

हिराबायने गोणपाट उचललं, झटकलं आणि घडी करून काखेत मारलं. "आता ह्यो टेम्पू इकाचा. नवऱ्याला बसू द्याची नाय मी यात." आणि ती उन्हात पायी चालती झाली.

हसुराम बोरीखाली बसला. मला म्हणाला, "श्यात गेला तवा टेम्पू घेतला. आता टेम्पू गेला तं काय घेऊ, वसंता?"

मला फार वाईट वाटलं, एवढंच सांगू शकतो. दुसरं कुठलं काम त्याला येत नव्हतं, आणि जमीन तर परत येणार नव्हती.

*

नवीन फ्लायव्हील कुठेच मिळेना. नाना स्वतः चार दुकानं हिंडले. "पुढच्या महिन्यात या," "लिहून ठेवतो," असली उत्तरं. शेवटी कळंबोलीच्या ट्रक यार्डाबाहेर भंगारवाल्यांकडे गेलो. नाना, सलीमभाई, हसुराम आणि मी.

जुनं फ्लायव्हील विकत घ्यायची एक रीत आहे. दोरीला टांगायचं आणि हातोडीने हलकेच वाजवायचं. चांगलं असेल तर देवळातल्या घंटेसारखं घुमतं. तडा असेल तर फुटक्या मडक्यासारखं थड्. आम्ही एकामागून एक वाजवत सुटलो. पलीकडे ट्रकखाली आडवा झालेला एक क्लीनर उठून हात जोडून उभा राहिला. त्याला वाटलं आरती चाललीय!

भंगारवाल्याने आतून एक चक्क चंदेरी फ्लायव्हील काढलं. रंग लावलेलं, नवरीसारखं सजवलेलं. "हे घ्या. एकदम नवं कोरं."

टांगलं. वाजवलं. थड्!

सलीमभाईंनी नखाने रंग खरवडला. रंगाखाली साबण, साबणात लोखंडाचा भुसा, आणि त्याच्याखाली ही एवढी भेग! मी किंचाळलोच. "शेठ, हे काय?"

भंगारवाला जराही हलला नाही. चहा ओतत म्हणाला, "मेकअप आहे भाऊ. लग्न लागेपर्यंत टिकतो!"

एरवी नानांनी त्याची गचांडी धरली असती. त्या दिवशी त्यांनी नुसतं बशीतल्या चहाकडे बघितलं आणि म्हणाले, "आम्हीही तेच केलं." भंगारवाल्याला काही कळलं नाही. आम्हाला कळलं.

ढिगाच्या तळाशी एक गंजलेलं, काळंकुट्ट चाक निघालं. टांगलं, वाजवलं. ठण्ण! असा आवाज घुमला, की हसुरामने डोक्यावरची टोपी काढली. तुर्भ्याला लेथवर त्याचं तोंड साफ करून घेतलं आणि आम्ही गॅरेजवर परत आलो.

*

आता शेवटचं सांगतो. हे मी कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, वसंतराव, जरा तिखटमीठ लावताय. नाही लावत.

चाक नानांनी स्वतः बसवलं. कुणालाही हात लावू दिला नाही. समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत, मधेच थांबत, पुन्हा बघत. गाडी तयार झाली. पण हसुराम न्यायला येईना. आला तेव्हा पायी आला आणि चेहरा पाडून म्हणाला, "ती सांगतं, त्या डब्यात बसलास तं घरात येऊ नको."

"अरे, पण आता गाडी चांगली आहे!"

"मी सांगला. ती बोलतं, नाना मागं पन चांगलीच हाय बोलला होता."

नाना टॉर्च घेऊन पुन्हा गाडीखाली सरकले.

दोन-तीन दिवसांत हिराबाय स्वतः तुर्भ्याचं एक गिऱ्हाईक घेऊन गॅरेजवर आली. पान खाणारा माणूस. टेम्पोभोवती फिरला, टायरला लाथा मारल्या. सौदा ठरणार हे दिसतच होतं. हसुराम बोरीला टेकून उभा, टेम्पोकडे पाठ करून. त्याला बघवत नव्हतं. मलाही बघवत नव्हतं.

नाना एकदम शेडबाहेर पडले आणि घराच्या दिशेने तरातरा निघून गेले. मला वाटलं, मालकाला लाज वाटली, तोंड लपवायला गेले.

थोड्या वेळाने परत आले. बरोबर काकू!

काकू म्हणजे नानांची बायको. तुम्हाला कल्पना नाही. काकूंना गाडी लागायची. जीप नाही, टेम्पो नाही, नवऱ्याचं गॅरेज असून त्या गाडीच्या वाऱ्याला उभ्या राहायच्या नाहीत. माहेरी जायचं तरी लाँच मिळते का बघायच्या. गॅरेजमध्ये त्यांनी पाऊल टाकलेलं मी त्याच दिवशी पाहिलं. सलीमभाई उठून उभे राहिले.

नाना हिराबायसमोर आले. "ही माझी बायको. हिला मधे बसवा, त्या पत्र्यावर. हसुरामला म्हणावं, रबाळ्यापर्यंत नेऊन आण. मग टेम्पो विका नाहीतर खाडीत ढकला."

गिऱ्हाईक पान चघळायचं थांबलं.

हिराबायने काकूंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग अगदी जवळ गेली. "वैनी, तुला यानं सांगला का? ह्यो चाक दोनदा बगला, दोनदा घासला आनि आमाला परत दिला. मी रोज त्याच्यावर बसलेली. फुटला असता तं माजे तुकरे झाले असते. सांगला का तुला?"

काकूंचा चेहरा उतरला. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्या नानांकडे वळल्या. "खरं का हो हे?"

आम्हाला वाटलं, आता नाना गरजणार, क्लच प्लेटचं नाव घेणार, ड्रायव्हरच्या पायाला दोष देणार. इतकी वर्षं हेच ऐकत आलो होतो.

"खरं आहे," नाना म्हणाले. "सलीमने दोन्ही वेळा सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

काकूंनी पदर खोचला. टेम्पोच्या पायरीवर पाय ठेवला, तो घसरला. सलीमभाईंनी धावत जाऊन लाकडी ठोकळा ठेवला. काकू चढल्या. गोणपाटाशिवाय, उघड्या पत्र्यावर, मधोमध बसल्या. दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला.

"चल रे बाबा हसुराम," त्या म्हणाल्या.

हसुराम जागचा हलेना. तो बायकोकडे बघत होता. हिराबाय काकूंकडे बघत होती. मागच्या कंपनीचा भोंगा झाला, संपला, तरी ती बघतच होती.

मग ती गिऱ्हाइकाला म्हणाली, "दादा, तू जरा थांब." आणि साडी वर धरून टेम्पोत चढली.

"सरक, वैनी."

काकू सरकल्या. हसुराम पळत येऊन स्टीअरिंगवर बसला. सेल्फ मारला, पहिल्या फटक्यात इंजिन चालू. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, का ते मला विचारू नका.

एवढ्यात नानांना राहवलं नाही. हातात पान्हा तसाच, ते धावत गेले, दाराची दांडी पकडली आणि पायरीवर चढायला लागले. हिराबायने खिडकीतून हात काढून त्यांची बोटं दांडीवरून सोडवली.

"तू नाय! तू खाली ऱ्हा. आमी फुटलो तं ह्यो टेम्पू बनवाला कोन पायजे ना!"

आणि हसुरामने क्लच सोडला.